रास अल खैमाला लग्न, पाहुणे जालना-परभणी-लातूरचे: प्रवासाची आखणी कशी करावी?

जालनेकरीण

मुलाची नोकरी दुबईत आहे. लग्न यूएईतल्या (संयुक्त अरब अमिरातीतल्या), दुबईजवळच्या रास अल खैमाच्या समुद्रकाठच्या हॉटेलात करायचं दोन्ही घरांनी ठरवलंय. इकडून ६४ माणसं जाणार: जालना २६, परभणी-सेलू १५, लातूर-उदगीर १७, नांदेड ६. निम्म्याहून जास्त पहिल्यांदाच विमानात बसणार. साठीपुढचे १९, पाच वर्षांखालची मुलं तीन. मुहूर्त जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी २०२७. हॉटेल पक्कं झालंय, बाकी काहीच नाही. घरचे म्हणायलेत की ग्रुप तिकिटं आत्ताच काढून टाका, स्वस्तात पडतील. सुरुवात कुठून करू?

पासपोर्ट_आधी

ताई, तिकिटं सगळ्यात शेवटी. आधी एक तक्ता करा, आणि त्यात पत्रिकेवरची नावं घालू नका. "बापूकाका सहकुटुंब" असं लिहिलं की ते चारजण का सात, हे व्हिसाच्या दिवशी कळतं.

माणशी एक ओळ. रकाने असे: पासपोर्टवर छापलेलं गिव्हन नेम, सरनेम (वेगळ्या रकान्यात), पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख, ईसीआर आहे का, आधी आखातात नोकरी केलीय का, रोजच्या गोळ्या, व्हीलचेअर लागेल का, कुठल्या गावाहून निघणार. पासपोर्ट नसेल त्याची ओळ लाल करा. तिकडं पोचण्याच्या तारखेपासून सहा महिने मुदत उरत नसेल तीही लाल.

माहिती फोनवर विचारून भरू नका. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा रंगीत स्कॅन मागा. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत खालच्या दोन बारीक ओळींवर चमक येते आणि व्हिसाचा अर्ज तिथंच अडकतो. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडं सपाट स्कॅन करून घ्यायला सांगा, दहा-वीस रुपयांचं काम.

गोदातीर

वरच्याला +१. लाल ओळींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथंच येते.

साठी-सत्तरीच्या बायकांचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर १ जून (गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी टाकलेली), आधारवर १ जानेवारी नाहीतर नुसतंच जन्मसाल, पॅनवर तिसरीच तारीख. नावाचंही तसंच: दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, मतदान कार्डावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. पासपोर्ट केंद्रातला माणूस हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि अर्ज थांबवतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ठरवा की कुठला कागद खरा धरायचा. दाखला असेल तर तोच. त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. त्यामुळे घाईत चुकीची तारीख टाकली तर पुढं फार त्रास. मग आधारप्रमाणे पॅन. हे झाल्यावरच पासपोर्टचा अर्ज भरायचा.

दाखला नसलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. जन्मतारखेसाठी पॅन, मतदान कार्ड, वाहन परवाना, एलआयसीची पॉलिसी, पेन्शनचा आदेश यांपैकी काहीही चालतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला मात्र जन्म दाखलाच लागतो. तुमच्या तीन लहानग्यांत असं कोणी असेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला आजच काढा, आणि त्यावर बाळाचं नाव चढवलेलं आहे का ते पाहा. बऱ्याच दाखल्यांवर नावाची जागा कोरीच असते.

फी: ३६ पानी पासपोर्टला प्रौढांना १५०० रुपये, तत्काळला वर आणखी २०००. साठीपुढच्यांना नव्या अर्जावर १० टक्के सूट. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरूनच भरायचा, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असलेल्या. तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात.

पोलीस पडताळणीत अडकतात ती पुण्यात शिकणारी पोरं. पत्ता गावचा टाकतात, आणि हवालदार घरी येतो तेव्हा पोरगं हिंजवडीत. अर्जात जो पत्ता टाकलाय तिथं माणूस हजर पाहिजे.

मोसंबी

पाहुण्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी, एसटीतले लोक असतीलच. सरकारी नोकराला पासपोर्टसाठी कार्यालयाची एनओसी किंवा पूर्वसूचनेचं पत्र (परिशिष्ट जी किंवा एच) लागतं. पासपोर्ट आधीचा असला तरी परदेशी जायची रजा आणि परवानगी सक्षम अधिकाऱ्याकडून वेगळी घ्यावी लागते. ती फाईल टेबलाटेबलावरून फिरते. तारीख ठरली की त्याच आठवड्यात अर्ज टाकायला सांगा. लग्नपत्रिका छापून यायची वाट बघत बसू नये.

जालनेकरीण

ईसीआर म्हणजे काय? दोन-तीन जणांच्या पासपोर्टवर तसा शिक्का आहे. ते जाऊ शकणार नाहीत का?

पासपोर्ट_आधी

जाऊ शकतात. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर तो शेरा येतो. अर्थ इतकाच की यूएईसह १८ देशांत *नोकरीसाठी* जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते. फिरायला किंवा लग्नाला जाणाऱ्याला ती लागत नाही. पण मुंबईत इमिग्रेशनचा अधिकारी अशा माणसाला जास्त प्रश्न विचारतो, विशेषतः पंचविशी-तिशीतला एकटा पोरगा असेल तर. त्याच्या हातात परतीचं तिकीट, हॉटेलचं व्हाउचर आणि लग्नपत्रिका छापील असू द्या, आणि रांगेत घरच्यांसोबत उभं करा. "कशाला चाललास" याला उत्तर "लग्नाला". "दुबईला काम बघायला" असं गमतीतसुद्धा म्हणायचं नाही.

पन्नाशी ओलांडलेल्यांना हा प्रश्न येत नाही. अर्जात दहावीचं प्रमाणपत्र जोडलं तर शेरा येतच नाही, त्यामुळे नवा पासपोर्ट काढणाऱ्यांनी ते विसरू नये.

तिकीट_खिडकी

व्हिसात काय काय अडतं ते लिहितो.

एक: पासपोर्टवर एकच नाव. सरनेमचा रकाना कोरा आणि गिव्हन नेममध्ये फक्त "सुमनबाई" असे पासपोर्ट आपल्याकडं आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई पर्यटक व्हिसावर असा प्रवासी घेत नाही. दुसऱ्या पानावर वडलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर सूट आहे, पण काउंटरवरचा माणूस वाद घालतो. वेळ हातात असताना पासपोर्टच दुरुस्त करून घेतलेला बरा.

दोन: आधी आखातात राहून आलेले. नांदेड-परभणीकडचे बरेच लोक दुबई-शारजात गाडी चालवून, दुकानात राहून परत आलेत. कंपनीनं त्यांचा जुना रहिवासी व्हिसा रद्द केलेला नसेल तर त्यांच्या व्यवस्थेत तो माणूस अजून तिथलाच दिसतो आणि नवा अर्ज फेटाळला जातो. म्हणून तो रकाना आधीच भरून घ्यायचा. असा कोणी असेल तर त्याचा अर्ज सगळ्यांच्या आधी टाका, म्हणजे जुन्या कंपनीकडून रद्द करून घ्यायला वेळ मिळतो.

तीन: फोटो. पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही, चेहरा समोर. कपाळावर पदर ओढून घेतलेला फोटो परत येतो.

चार: परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग. २०२४ च्या शेवटी यावर कडक झालेत. हॉटेलकडून एकच गठ्ठ्याचं पत्र घेऊ नका. खोलीतल्या प्रत्येक माणसाचं नाव असलेलं व्हाउचर मागा, पासपोर्टच्या स्पेलिंगसकट.

मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला ५० दिरहम दंड. मागं थांबून दुबई बघणाऱ्यांनी तारखा मोजूनच थांबावं.

गोदातीर

मुहूर्ताबद्दल. २०२७ मध्ये रमजान साधारण ८ फेब्रुवारी ते ९ मार्च, प्रत्यक्ष दिवस चंद्रदर्शनावर. तेव्हा तिथं जाता येतं, पण मोठ्या आवाजाचं संगीत, दिवसा उघड्यावर खाणंपिणं यांवर बंधनं असतात आणि हॉटेलं मैदानातले कार्यक्रम आवरते घेतात. जानेवारीअखेरच धरा. हवाही तेव्हा चांगली. आपल्याकडच्यासारखं चैत्र-वैशाखात तिकडं उघड्यावर लग्न लावायचं कोणी मनात आणू नये.

आणि गुरुजींना सांगा, पंचांग रास अल खैमाचं काढा. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे, पण गोरज मुहूर्त तिथल्या सूर्यास्तावर ठरतो. जालन्याच्या मुहूर्तातून नुसता दीड तास वजा करून जमत नाही.

उदगीरकर

आता निघायचं कुठून. सगळ्यांना मुंबईत गोळा करायचा हट्ट धरू नका. लातूर-उदगीर आणि नांदेडच्या २३ जणांना हैदराबाद सोपं पडतं. उदगीरहून बीदरमार्गे शमशाबाद विमानतळ गाडीनं पाच-सहा तास धरा. मुंबईला रात्रभराची रेल्वे, वर दादर किंवा ठाण्याहून सामानासकट विमानतळ, यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना हे बरं. हैदराबादहून दुबई-शारजाला थेट विमानं आहेत.

जालना-परभणीच्या ४१ जणांना मुंबई. रेल्वेनं यायचं तर देवगिरी आहे, वंदे भारतही आहे. पण वेळेला बांधून घेऊ नका. त्याच दिवशी रेल्वेनं उतरून त्याच दिवशी विमान, ही जोखीम घेण्यासारखी नाही. रेल्वे तीन तास उशिरा आली तर रेल्वे काही देत नाही आणि विमान कंपनीही नाही, तिकीट बुडतं. जालन्याहून समृद्धी महामार्गानं बस केली तर महामार्ग आता थेट भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आहे, पण त्यापुढं ठाण्याची कोंडी. विमानाच्या दहा-अकरा तास आधी बस जालन्याहून सुटली पाहिजे. परभणी-सेलूचे लोक आदल्या रात्री जालन्यात मुक्कामी आणा.

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला विमान आहे. पण दोन वेगळी तिकिटं काढली तर बॅगा मुंबईत उतरवून पुन्हा द्याव्या लागतात आणि पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाचीच नाही. एकाच पीएनआरवर मिळत असेल तरच घ्या.

तिकीट_खिडकी

ग्रुप तिकीट "स्वस्तात" पडतं हा गैरसमज आहे. एका विमानात दहा किंवा जास्त जागा मागितल्या की कंपनी सगळ्यांना एकच भाव लावते, आणि तो बहुतेक वेळा वरच्या टप्प्याचा असतो. फायदा वेगळा: थोडी आगाऊ रक्कम भरून जागा धरता येतात, नावं नंतर देता येतात. तुमच्याकडं लाल ओळी जास्त असतील तर ग्रुप घ्या. सगळ्यांचे पासपोर्ट हातात असतील तर पाच-सहा जणांच्या छोट्या गठ्ठ्यांत काढा.

नाव पासपोर्टप्रमाणे. आपल्याकडं गिव्हन नेममध्ये वडलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं, तेही तिकिटावर आलं पाहिजे. आणि सगळे एकाच विमानात बसवू नका. वधूवरांचे आईवडील, गुरुजी आणि मुख्य सामान आदल्या दिवशीच्या विमानानं पुढं. जून २०२५ मध्ये आखातातली उड्डाणं अचानक विस्कळीत झाली होती. असा प्रकार लग्नाच्याच दिवशी उतरणाऱ्यांवर आला तर काहीच करता येत नाही. त्यासाठी विमाही काढा, आणि त्यात आधीपासूनचा बीपी-शुगर धरलेला आहे का ते एजंटाकडून लिहून घ्या.

मोसंबी

सामानात लग्नाच्या वस्तूंवर सगळ्यात जास्त गडबड होते.

विड्याची पानं नेऊ नका. दुबई कस्टम्सच्या बंदीच्या यादीत पान आहे. गुटखा, मावा, तंबाखूची पुडी कोणाच्याही खिशात, बॅगेच्या कोपऱ्यात राहू देऊ नका. निघायच्या आदल्या रात्री पुरुष मंडळींच्या बॅगा घरच्या बायकांनीच उघडून बघाव्यात. खसखस बंद. म्हणजे रुखवतातले अनारसेसुद्धा घरी राहिले, कारण त्यांना खसखस लावलेली असते. गरम मसाल्यात, लाडवात कुठं घातलीय का तेही विचारा.

कापूर विमानात कुठंच चालत नाही, ज्वलनशील आहे. आगपेटी, लायटर नाही. खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या बॅगेतही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत.

चालतं ते: अक्षता, हळदकुंकू (बंद पाकिटात, मोठ्या बॅगेत), मुंडावळ्या, आंतरपाट, जानवं. नारळ, आंब्याची पानं, कापूर, होमाचं साहित्य दुबईत बर दुबईच्या मीना बाजार भागात भारतीय दुकानांत मिळतं, वराकडच्या कोणाला तरी यादी द्या. होम पेटवायला हॉटेलची लेखी परवानगी घ्या. खोलीत किंवा बंद हॉलमध्ये धूर झाला तर आगीचा अलार्म वाजतो.

भांड्यांचा आहेर नेऊ देऊ नका. पत्रिकेवरच लिहा: आहेर परतल्यावर घरच्या सत्यनारायणाला. पाकिटांचं म्हणाल तर भारतीय नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात.

सराफा_लेन

दागिन्यांचं कोणी लिहिलं नाही. मुंबई-हैदराबादहून निघताना, विमानतळावर सिक्युरिटीच्या आधी, कस्टम्सच्या काउंटरवर दागिने दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. ते नसेल तर परत येताना तेच दागिने तिकडून विकत आणलेत असं धरून ड्युटी मागतात. सोबत पावत्या हव्यात. पावत्या नसलेल्या जुन्या पाटल्या, गोठ, चपलाहार यांचं सराफाकडून वजन-कसाचं मूल्यांकनपत्र घ्या, प्रत्येक नगाचा फोटोही ठेवा. या कामाला तास-दीड तास जास्तीचा धरा, आणि दागिने हातातल्याच बॅगेत.

तिकडं उतरताना ६० हजार दिरहमपेक्षा जास्त रोख किंवा मौल्यवान वस्तू असतील तर जाहीर कराव्या लागतात. आजच्या भावात थोडे दागिनेही तिथवर जातात. सगळं सोनं नवरीच्या आईच्या एकाच पिशवीत ठेवायची पद्धत इथं नको. ज्याचं त्यानं सांभाळावं. माझं मत विचाराल तर समुद्रकाठच्या लग्नाला चार नग पुरे, बाकी लॉकरात.

जालनेकरीण

औषधांचं काय? सासऱ्यांना झोपेची गोळी आहे, एका काकूंना मणक्याच्या दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल.

पासपोर्ट_आधी

दोन्ही नियंत्रित औषधांत येतात. ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलॅम, प्रीगॅबालिन यांना यूएई सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. डॉक्टरकडून इंग्रजीत टाईप केलेलं पत्र घ्या: आजार, औषधाचं मूळ नाव, रोजची मात्रा, किती दिवस. गावच्या दवाखान्यातली हातानं लिहिलेली चिठ्ठी तिकडं कोणाला वाचता येत नाही. डॉक्टरांना विचारून या दौऱ्यापुरतं दुसरं औषध बसत असेल तर सगळ्यात उत्तम.

बाकीच्यांनी शुगर-बीपीच्या गोळ्या पत्त्यासकट न्याव्यात, डबीत सुट्या ओतून नाही. भस्मं, चूर्णं, घरगुती काढ्याच्या पुड्या मागं ठेवा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह.

उदगीरकर

उतरल्यावर: दुबई विमानतळावर तीन टर्मिनल आहेत, त्यातलं टर्मिनल २ बाकी दोघांपासून लांब. मुंबईचा आणि हैदराबादचा गट वेगळ्या टर्मिनलवर उतरू शकतो, त्यामुळे बसवाल्याला विमान क्रमांकासह दोन वेगळे पत्ते द्या. तिथून रास अल खैमा बसनं तासाभरावर. पन्नास सीटच्या बसमध्ये पन्नास माणसं बसतात, पण शंभर बॅगा बसत नाहीत. ३८-४० माणसं धरा. शारजाला उतरणाऱ्यांना बजावून सांगा की त्या अमिरातीत दारूला पूर्ण बंदी आहे, बाटली सोबत बाळगणंही गुन्हा.

हॉटेलात खोली सहसा दुपारी तीनला मिळते. पहाटे उतरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आदल्या रात्रीपासूनच्या पाच-सहा खोल्या घ्या, नाहीतर सगळे लॉबीत सोफ्यावर. चेक-इनला हॉटेल प्रत्येक खोलीमागं क्रेडिट कार्डवर अनामत अडवून ठेवतं. आपल्या पाहुण्यांकडं कार्ड नसतं, त्यामुळे ही रक्कम यजमानांच्या मुख्य खात्यावर घ्यायची, असं करारातच लिहून घ्या. टुरिझम दिरहम म्हणून दर खोली दर रात्र शुल्क असतं, ते कोण भरणार तेही. खोल्यांतली मिनीबार रिकामी करून घ्या. पोरं चॉकलेट समजून उघडतात आणि बिल बापाच्या नावावर.

तिकीट_खिडकी

एक महत्त्वाचं राहिलं: यूएईत व्हॉट्सॲपवरचे कॉल लागत नाहीत, आवाजाचे नाही आणि व्हिडिओचेही नाहीत. मेसेज जातात. "पोचलो की व्हॉट्सॲप कॉल करतो" असं घरी सांगून निघालेला माणूस रात्रभर सगळ्यांना काळजीत टाकतो. गूगल मीट किंवा झूम आधीच मोबाईलमध्ये घालून, एकदा घरी लावून बघा. प्लग तिकडं तीन चौकोनी पिनांचे लागतात, खोलीमागं एक ॲडॉप्टर.

मोसंबी

फोटोग्राफर आणि सनईवाले इकडून न्यायचा विचार असेल तर सोडा. पर्यटक व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा आहे, मानधन घेतलं नाही तरीही. तिथल्या इव्हेंट कंपनीकडून माणसं घ्या, परवाने तेच काढतात. कोणी हौशी पुतण्या ड्रोन आणतो म्हणाला तर त्याला घरीच ठेवायला सांगा.

जालनेकरीण

सगळ्यांचे आभार. तक्ता आज केला: ६४ पैकी २१ ओळी लाल. त्यातले १३ तर नवेच पासपोर्ट. आणखी एक विचारायचं होतं: ७८ वर्षांच्या आत्याबाईंसोबत त्यांचा ११ वर्षांचा नातूच येणार, त्याचे आईवडील येणार नाहीत. चालेल का?

गोदातीर

चालेल. त्याच्या पासपोर्टच्या अर्जाला आईवडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट डी लावा. प्रवासासाठी वेगळं संमतीपत्र हवं: मुलाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कोणासोबत, कुठून कुठे, तारखा, आईवडिलांचे फोन. इंग्रजीत टाईप करून नोटरी करून घ्या, सोबत आईवडिलांच्या ओळखपत्रांच्या आणि मुलाच्या जन्म दाखल्याच्या प्रती. मूळ प्रत आत्याबाईंकडं, दुसरी गटातल्या एका धडधाकट माणसाकडं. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. आत्याबाईंना व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, उड्डाणाच्या निदान ४८ तास आधी. तिचे पैसे लागत नाहीत. ढकलणारा माणूस वेगळ्या रांगेतून नेतो, तेव्हा नातू खुर्चीसोबतच राहील हे काउंटरवर सांगून ठेवा.